द्राक्षबागेतलं भिंग कधी सुलट, कधी उलट का दाखवतं?

दिंडोरीकर: थ्रिप्स (द्राक्षावरची बारीक कीड) बघायला १०एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असतं. पानाला टेकवलं की किडा मोठा नि सुलटा. काल पोरगं त्यातूनच हात लांब करून बागेकडे बघत होतं, तर वेली उलट्या! दहावीत आहे, मला विचारतंय. मी काय सांगू?

नाशिकरोडवाला: १०एक्स म्हणजे नाभीय अंतर (लांबून आलेले किरण भिंगापासून जेवढ्या अंतरावर एकत्र येतात ते) साधारण २.५ सेंमी. पान त्याच्या आत असलं तर किरण भिंगातून निघूनही फाकतच जातात, डोळा ते मागे वाढवून मोठं पान बघतो. ही आभासी प्रतिमा. बाग लांब, तिचे किरण भिंगापलीकडे खरोखर एकत्र येतात, म्हणून उलटी, वास्तव प्रतिमा. खोलीत अंधार करा, खिडकीसमोर भिंग नि मागे अडीच सेंमीवर कागद धरा. इवलीशी खिडकी उलटी उमटेल. आभासी प्रतिमा कागदावर येत नाही.

मायनस तीन: माझ्या मायनस नंबरच्या चष्म्याने करू नका! अंतर्वक्र (मधे पातळ) भिंग, समोरच्या वस्तूची प्रतिमा कायम आभासी, सुलटी, लहान. म्हणूनच फोटोत माझे डोळे बारीक दिसतात.

दिंडोरीकर: उमटली राव, गजांसकट! पोरगं आता भिंग परत देईना.