मिंट २२ टाकलं पण वायफाय दिसतच नाहीये

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टम टाकलीय, बाकी सगळं मस्त चालतंय पण वायफायचा आयकॉनच नाही, लॅन पोर्टही नाहीये, मग ड्रायव्हर डाउनलोड तरी कसा करणार? विंडोजवर चालत होतं हो.

— आधी टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची विंडो) एलएसपीसीआय (lspci) टाईप करून वायफायची चिप कोणती ते बघ, त्याशिवाय सगळे अंदाजच. नेटसाठी फोन केबलने जोड, यूएसबी टेदरिंग (केबलमधून फोनचं नेट लॅपटॉपला देणं) ऑन कर, लगेच वायर्ड कनेक्शन म्हणून दिसेल.

टेदरिंग चाललं, थँक्स! ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ दिसतंय.

— मग सोपंय, या चिपचा ड्रायव्हर ओपन सोर्स नाही म्हणून कर्नलसोबत (लिनक्सचा गाभा) येत नाही. ड्रायव्हर मॅनेजर उघड, ब्रॉडकॉमवाला निवड, अप्लाय कर नि रीस्टार्ट. गिटहबवरून (कोड शेअर करायची साइट) काहीबाही कोड घेऊन कंपाईल करत बसू नकोस, कर्नल अपडेट झालं की परत बोंब.

— आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सही असलेलंच लोड होऊ देणारं लॅपटॉपचं सेटिंग) चालू असेल तर इन्स्टॉल करताना पासवर्ड ठेवायला सांगेल, रीस्टार्टला निळी स्क्रीन आली की घाबरून कंटिन्यू बूट दाबू नका, एनरोल एमओके (ड्रायव्हरच्या सहीची की मान्य करायचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्या, नाहीतर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही.

झालं! निळी स्क्रीन आलीच होती. ब्लूटूथ अजून रुसलंय, त्याचं वेगळं विचारतो.