क्रिप्टोलिमसचे भुंगेरे म्हणजे पैसे पाण्यात? (चर्चा धागा)

ओलांडा:
द्राक्षवाल्यांच्या गटांवर एक पोस्ट फिरतेय. म्हणणे असे, की मिलीबगसाठी (वेलीचा रस शोषणारा पांढरा पिठ्या ढेकूण) क्रिप्टोलिमसचे, म्हणजे त्याला खाणाऱ्या लेडीबर्डच्या कुळातल्या किड्याचे, एकरी 2000 भुंगेरे सोडायचे, आठ दिवसांनी बघायला जावे तर एकही दिसत नाही, म्हणजे मित्रकीटक ही फसवणूक आणि दुकानातले औषध तेवढे खरे. खाली होकार देणाऱ्यांची रांग लागलीय. हे असेच पसरले तर पुढच्या हंगामात कुणी भुंगेऱ्याचे नाव काढणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आठव्या दिवशी भुंगेरा शोधायचाच नसतो. तो 4 मिलिमीटरचा, काळा, डोके नारिंगी-तपकिरी, सावलीत दडणारा. खरी शिकार त्याची अळी करते. मादी अंडी घालते ती मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपुंजात. चार-सहा दिवसांत अळी निघते आणि पूर्ण वाढेपर्यंत मिलीबगची 900 ते 1500 अंडी किंवा 300 च्या आसपास पिल्ले फस्त करते. अंड्यापासून नवा भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतो. म्हणून बघायचे ते बाराव्या ते पंधराव्या दिवशी, तेही पानावर नाही, ओलांड्याची (वेलीच्या तारेवरच्या आडव्या फांदीची) सुटलेली साल उचलून.

इथेच घात होतो. सालीखाली जे पांढरे, मेणचट झुपके दिसतात त्यांना मिलीबग समजून लोक त्याच संध्याकाळी फवारणीचा ब्लोअर काढतात. काडीने डिवचून बघा. मिलीबग 3 मिलिमीटरचा, जागचा फारसा हलत नाही आणि चिरडला तर गुलाबी रस येतो. क्रिप्टोलिमसची अळी पार 13 मिलिमीटरपर्यंत वाढते, तिचे पांढरे धागे लांब आणि विस्कटलेले असतात, आणि डिवचली की तुरुतुरु पळते. उलटी केली की पायांच्या तीन जोड्या स्पष्ट दिसतात. स्वतःच्या पैशाने आणलेला शिकारी स्वतःच्याच पंपाने मारायचा आणि मग फसवणूक म्हणून ओरडायचे, हे बंद करा.

रेसिड्यूमुक्त:
अळीची ओळख सांगितलीत ते चांगले, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. शिकारी कधीच सगळे सावज संपवत नाही. संपवले तर तो उपाशी मरतो नाहीतर उडून जातो. मग थोडा मिलीबग बागेत उरणारच. निर्यातीच्या पेटीत तो थोडासुद्धा चालत नाही. घडाच्या देठापाशी एक पुंजका आणि खाली मिलीबगने सोडलेल्या गोड चिकट्यावर काळी बुरशी दिसली की तो माल स्थानिक बाजारात. तुमचे 900 आणि 1500 चे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, पॅकहाऊसमधले नाहीत.

उसाचा_फड:
शिकारी कीटकांना नावे ठेवण्याआधी लोकरी मावा आठवा. 2002 मध्ये सांगलीकडे उसावर आला आणि बघता बघता पसरला. उभ्या उसात माणूस शिरत नाही, फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचत नाही. तिथे डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या किड्यांच्या, डिफाच्या हेक्टरी 1000 किंवा मायक्रोमसच्या हेक्टरी 2500 अळ्या सोडायची शिफारस झाली आणि या शिकाऱ्यांनीच मावा आटोक्यात ठेवला. कुठल्या औषधाच्या डब्याने नाही.

रेसिड्यूमुक्त:
उसाचे द्राक्षाला लावू नका. उसाच्या पानावर थोडा मावा राहिला म्हणून कारखाना ऊस परत पाठवत नाही.

ओलांडा:
पेटीत एकही चालत नाही हे मान्य. नाइलाजाने मान्य करतो, कारण ते खरेच आहे. पण म्हणूनच भुंगेरा घडावर सोडायचा नसतो! त्याची वेळ ऑगस्ट-सप्टेंबर, फळछाटणीच्या आधी, जेव्हा मिलीबग सालीखाली आणि ओलांड्यावर असतो आणि घडाचा पत्ताच नसतो. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, भुंगेरे मागवणारा उशिरा जागा झालेला असतो. निफाडात डिसेंबर-जानेवारीत पारा एकेरी आकड्यावर येतो, तेव्हा हा किडा गारठून बसतो. एप्रिल-मेच्या चाळिशीतही त्याची पैदास होत नाही. पावसाळ्याचा उत्तरार्ध हाच त्याचा काळ.

दुकान_बंद_करा:
सगळ्याचे मूळ फुकट सल्ला देणाऱ्या दुकानदारात आहे. भुंगेरे सोडलेल्या बागेत बुप्रोफेझिन कोण मारायला सांगतो? ते कात टाकणे बिघडवणारे औषध आहे. मिलीबगच्या पिल्लांबरोबर लेडीबर्डच्या कुळातल्या अळ्याही कात टाकताना मरतात. वर भुंगेरा जिवंत दिसतो, म्हणून औषध सुरक्षित म्हणायचे! आणि युरोपात द्राक्षात त्याच्या उरलेल्या अंशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो आहे, म्हणजे जवळपास नाहीच. 2010 ला क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, तरी कुणाला जाग नाही.

मुंगळा_विरोधी:
तुम्ही सगळे भुंगेऱ्यावर भांडताय आणि मुंग्यांचे नाव कुणी काढत नाही. मिलीबगचा चिकटा खायला मुंग्या येतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. मुंग्यांची रांग चालू असलेल्या खोडावर भुंगेरे सोडणे म्हणजे पैसे खरोखर पाण्यात. आधी मुंग्या, मग भुंगेरे.

ओलांडा:
अर्धवट माहिती आहे ही. क्रिप्टोलिमसच्या अळीच्या अंगावरचे मेण मिलीबगसारखेच असते, त्यामुळे मुंग्या तिला बहुतेक वेळा सोडून देतात. म्हणून तर हा शिकारी मुंग्यांच्या बागेतही टिकतो.

मुंगळा_विरोधी:
अळीला सोडतील, पण अंडी घालायला आलेल्या भुंगेऱ्याला हुसकावतात त्याचे काय? अंडीच पडली नाहीत तर अळी येणार कुठून? आणि मिलीबगच्या अंगात अंडी घालणारी ॲनागायरस गांधीलमाशी तर मुंग्यांपुढे टिकतच नाही. अर्धवट कुणाची आहे ते बघा.

शेतातला_कोळी:
म्हणून सगळ्या मुंग्या मारणार? मुंगी स्वतः शिकारी आहे. पतंगाची अंडी, लहान अळ्या, वाळवी ओढून नेते. खोडाशी क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतले की मुंग्यांसोबत कोळी जातात, जमिनीवरचे शिकारी भुंगेरे जातात. मग सहा महिन्यांनी थ्रिप्स आणि लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडी वाढल्या म्हणून पुन्हा दुकानात जायचे.

मुंगळा_विरोधी:
ओतायला कोण म्हणाले? न वाचता तुटून पडू नका. मुंगीला वेलीवर चढू द्यायचे नाही, एवढेच. 250 ग्रॅम साखर विरघळवून एक लिटर पाक करायचा, त्यात 10 ग्रॅम बोरिक ॲसिड, झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डब्यात ठेवून वाटेवर मांडायचा. भोके मुंगीपुरतीच, म्हणजे मधमाशी आत जात नाही. लोक जास्त परिणामासाठी बोरिक तिप्पट टाकतात आणि तिथेच चुकतात. कामकरी मुंगी वाटेतच मरते, वारुळात राणीपर्यंत काही पोचत नाही, आठवड्यात रांग परत सुरू. विष मंद हवे.

शेतातला_कोळी:
पावसात तुमचा पाक पातळ होतो. ऑगस्टमध्ये भुंगेरे सोडायचे म्हणता, आमिष टिकणार कसे? त्यापेक्षा खोडाला चिकट पट्टा.

मुंगळा_विरोधी:
पट्टा कोरड्या दिवसांत लावा, पावसात त्यावर चिखल उडतो आणि मुंग्या चिखलावरून पूल करून जातात. आणि पट्टा सालीवर थेट नको. खोड आधी खरवडा, कागदी टेप घट्ट गुंडाळा, चिकट लेप टेपवर. टेप नसेल तर सालीच्या भेगांतून मुंग्या पट्ट्याखालून पार. बहुतेक जण फक्त खोडाला पट्टा लावतात. मांडवाचे खांब? टेकू? तारेला टांगलेली ठिबकची नळी (लॅटरल)? वाढलेले गवत? जमिनीपासून तारेपर्यंतची एक वाट उघडी राहिली तरी सगळे पट्टे वाया.

रेसिड्यूमुक्त:
एकरभर बागेत खोड, खांब, टेकू सगळ्यांना टेप. मजुरी कोण देणार? कागदावर सगळे छान दिसते.

मुंगळा_विरोधी:
सगळ्या बागेला कशाला? मिलीबग पूर्ण बागेत एकसारखा नसतो. गेल्या हंगामात घड खराब झालेल्या वेलींना काढणीच्या वेळीच रंगाची खूण करायची. पट्टे तिथेच, भुंगेरेही तिथेच, वेलीला 8 ते 10. एकरात सरसकट उधळले तर सावज न मिळालेला भुंगेरा उडून शेजाऱ्याच्या बागेत जातो.

ओलांडा:
खुणेचा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता. मुंग्यांबाबत मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. अंडीपुंज भरपूर असतील तर मुंग्या असूनही भुंगेरा अंडी घालतो.

रेसिड्यूमुक्त:
ठीक आहे, ऑगस्टमध्ये खुणेच्या वेलींवर सोडा, त्याला माझी हरकत नाही. पण पाणी उतरल्यावर घडात मिलीबग दिसला तर शिकाऱ्याची वाट बघत बसा असे कुणाला सांगू नका. तो घड कात्रीने काढून पिशवीत बांधून बागेबाहेर न्यायचा. बांधावर फेकला तर पिल्ले दुसऱ्या दिवशी परत वेलीवर.

दुकान_बंद_करा:
आणि भुंगेऱ्यांचा डबा आला की फ्रीजमध्ये ठेवू नका, उन्हात गाडीत तर मुळीच नको. त्याच संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडा. आधीच्या फवारणीचा डबा जपून ठेवा आणि त्यावरचे नाव इथे लिहा, मग बोलू कुणी कुणाला फसवले ते.