मदत हवी आहे : एएलएस – ऑक्सिजन, पोटातली नळी आणि खात्रीची माहिती

वाटसरू:
एएलएसचं (स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाणारा आजार, यालाच एमएनडीही म्हणतात) निदान झालेल्या व्यक्तीसाठी विचारायचं आहे. हातांत जोर नाही, पाणी पिताना ठसका लागतो. रिलुझोल (आजाराची गती कमी करणारं औषध) ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू आहे. घरी ऑक्सिजन आणून ठेवावा का? अन्न देण्यासाठी पोटात नळी घालायचं आत्ताच ठरवायचं का? आणि नेटवरच्या स्टेमसेलच्या (मूलपेशी टोचून बरं करण्याच्या) दाव्यांतलं खरं-खोटं कसं ओळखायचं?

निशिगंध:
ऑक्सिजन डॉक्टरांना न विचारता मुळीच लावू नका. इथे दुखणं बहुधा फुप्फुसांचं नसतं, भाता चालवणारे स्नायू थकलेले असतात. श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. नुसता ऑक्सिजन लावला की बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा छान दिसतो, आतला साठा मात्र वाढत राहतो आणि माणूस गुंगीत जाऊ शकतो. गरज पडते ती बायपॅपची, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची. सकाळी डोकं दुखणं, उताणं झोपल्यावर धाप, दिवसा पेंग ही त्याची चाहूल.

एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोरात बाहेर सोडता येणारी हवा) साधारण दर ३ महिन्यांनी मोजून घ्या, बसून आणि आडवं होऊन, दोन्ही. श्वासपटल कमजोर असेल तर आडवं झाल्यावर आकडा घसरतो. ओठ घट्ट मिटत नसतील तर हवा निसटून तो उगाच कमी येतो. मग स्निप, म्हणजे नाकाने जोरात हुंगायची चाचणी करायला सांगा.

खडीसाखर:
नळीचं गणितही त्याच आकड्याशी जोडलेलं आहे. एफव्हीसी अपेक्षित आकड्याच्या ५०%च्या खाली गेल्यावर ही छोटी शस्त्रक्रिया जास्त जोखमीची होते, म्हणून खाता येत असतानाच ठरवावं लागतं. नळी बसली म्हणजे तोंडाने खाणं बंद, असं नाही. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. आजाराआधीच्या वजनात १०% घट झाली असेल तर आणखी थांबू नका.

रिलुझोल जेवणाआधी १ तास किंवा नंतर २ तासांनी द्यायचं. पहिले ३ महिने दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी.

बोरू:
स्टेमसेलबद्दल : क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर (उपचारांच्या चाचण्यांची अमेरिकी सरकारी नोंदवही) नोंद आहे म्हणजे उपचार सिद्ध झाला, असं नाही. पैसे घेऊन टोचणाऱ्यांच्याही नोंदी तिथे सापडतात. पैसे मागत असतील आणि तुलनेचा गट (तो उपचार न दिलेले रुग्ण) नसेल तर तिथूनच परत फिरा. अशा दाव्यांची एकेक करून छाननी एएलएसअनटँगल्ड हा डॉक्टर-संशोधकांचा गट करतो. रुग्णसंघटना शोधायला एएलएस-एमएनडी संघटनांची आंतरराष्ट्रीय आघाडी आहे, १९९२ पासूनची. तिथे देशवार सदस्य दिसतात.

घराण्यात कुणाला नसलं तरी जनुक तपासणीचं विचारा. एसओडी१ या जनुकात दोष निघाला तरच टोफरसेन या औषधाचा विचार होतो (अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर). आणि बोलणं स्पष्ट आहे तोवर आवाज रेकॉर्ड करून घ्या. हे सगळेच लांबणीवर टाकतात.

वाटसरू:
आभार! पाण्यात थिकनर (दाट करणारी पूड) घालूनही ठसका लागतोच, त्याचं काय?

खडीसाखर:
पिठूळ म्हणजे स्टार्चचं असेल तर लाळेने ते तोंडातच पातळ होतं. झँथन गमचं घ्या. डब्यावर लिहिलेला वेळ थांबून मगच तपासा : १० मिलीची सिरिंज (० ते १० खुणांची लांबी ६१.५ मिमी हवी), दट्ट्या काढून, टोक बोटाने दाबून १० मिलीपर्यंत भरा, १० सेकंद सोडा. ४ ते ८ मिली उरलं तर आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापात दाटपणा पातळी २. कुठली पातळी हवी ते मात्र गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्टच सांगतील. जास्त दाट झालं तर घशात चिकटून राहतं.