जुगाराच्या व्यसनावर उपचार असतो का? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

पद्मा अक्का (बी-204): सर्वांना नमस्कार. आमच्या नात्यातील एक मुलगा आधी मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत असे. 2025 च्या कायद्याने ते खेळ बंद झाले तेव्हा सुटलो असे वाटले, पण आता तो मटक्याचे आकडे लावतो. घरच्यांनी दोनदा त्याचे कर्ज फेडले आहे. यावर डॉक्टरांकडे खरोखर उपचार असतो का, की समजूत घालण्यापलीकडे काही करता येत नाही?

मल्लिनाथ अण्णा (ए-101): अक्का, राग मानू नका, पण तुळजापूरला नेऊन देवीसमोर शपथ घ्यायला लावा आणि लग्न उरकून टाका. जबाबदारी अंगावर पडली की असली थेरं सुटतात.

मीनल (सी-303): अण्णा, देवीवरच्या श्रद्धेबद्दल माझे काही म्हणणे नाही, मात्र लग्नाचा उपाय कृपया कोणालाही सुचवू नये, त्यात आणखी एका मुलीचे दागिने गहाण पडतात. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून सांगते. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 या निदानग्रंथाने जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंगतीत आणून बसवला. त्यावर सर्वाधिक अभ्यासली गेलेली मानसोपचार पद्धती म्हणजे सीबीटी, ज्यात विचार आणि वर्तन या दोन्हींवर एकत्र काम केले जाते.

श्रीनिवास (बी-402): आमच्या टॉवेलच्या कारखान्यातील एक कामगार जुन्या आकड्यांचा चार्ट खिशात ठेवतो. ‘सात बरेच दिवस आला नाही, म्हणजे आता येणारच’ असे तो इतक्या खात्रीने सांगतो की ऐकणाऱ्यालाही पटते. अशा माणसाचे विचार कोण बदलणार?

मीनल (सी-303): श्रीनिवास, उपचाराची सुरुवात नेमकी त्या चार्टपासूनच होते. आकडा प्रामाणिकपणे निघतो असे धरले तरी शून्य ते नऊपैकी सात येण्याची शक्यता प्रत्येक वेळी दहात एक एवढीच असते, कारण काल काय निघाले हे आजच्या आकड्याला ठाऊक नसते. 1913 मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या फिरत्या चाकातील गोळी सलग 26 वेळा काळ्या रंगावर थांबली आणि ‘आता लाल येणारच’ म्हणून लाल रंगावर पैसे लावत गेलेले लोक धुऊन निघाले. शिवाय एका आकड्याला दहा रुपयांचे साधारण नव्वद मिळतात, म्हणजे प्रत्येक शंभरातील दहा रुपये सरासरीने खेळवणाऱ्याकडे राहतात. हे गणित आपण सांगून उपयोग नसतो. समुपदेशक त्यालाच जुना चार्ट घेऊन बसवतो आणि ‘आता येणारच’ हा अंदाज किती वेळा खरा ठरला असता, ते त्याच्याच हाताने मोजून घेतो. ‘एका घराने हुकला’ म्हणजे जवळ पोहोचलो, किंवा ‘गेलेले तेवढे काढतो आणि थांबतो’, ही वाक्येही अशीच तपासली जातात. माझ्या मते दुसरे वाक्य सर्वांत महागात पडते.

सुनंदा (ए-302): विचार पटले तरी हात थांबतो का?

मीनल (सी-303): लगेच थांबत नाही, म्हणून वर्तनाचा भाग असतो. तो माणूस एक वही ठेवतो आणि हुक्की आली की वेळ, जागा, खिशातील रक्कम आणि मनात आलेले वाक्य लिहितो. उदाहरणार्थ, ‘शनिवार, संध्याकाळ, पगार झाला, चहाची टपरी, आज फक्त शंभरचा लावू.’ अशा नोंदींतून धोक्याच्या वेळा आणि जागा उघड होतात; मग पगाराच्या दिवशी रस्ता बदलणे, त्या वेळेला दुसरे काम ठरवणे आणि हुक्की ओसरेपर्यंत थांबायला शिकणे, हे टप्प्याटप्प्याने होते. बैठका बहुधा आठवड्यातून एकदा, काही महिने चालतात. उपचारानंतरच्या काही महिन्यांत फायदा दिसतो याला पुरावा आहे, पण तो वर्षानुवर्षे टिकतो याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. त्यामुळे पुन्हा एखादा आकडा लावला गेला तर काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवतात. शपथेचा घोटाळा इथेच होतो, अण्णा: ती एकदा मोडली की माणूस लाजेने लपवू लागतो आणि लपवण्यासाठी पुन्हा उसनवारी करतो.

पद्मा अक्का (बी-204): मग सावकाराचे पैसे आम्ही फेडायचे की नाही?

मीनल (सी-303): गुपचूप फेडून विषय मिटवू नका, त्याला ती पुढच्या डावाची सोय वाटते. आधी सर्व देण्यांची यादी त्याच्यासमोर करा. फेडायचे ठरलेच तर रक्कम त्याच्या हाती न देता थेट घेणेकऱ्याला द्या आणि एटीएम कार्ड, पगाराचे खाते यांचा ताबा त्याच्या संमतीने काही काळ घरातील एका व्यक्तीकडे ठेवा. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागात प्रथम दाखवा, कारण सोबत नैराश्य किंवा दारू आहे का हेही तपासावे लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार ही माहिती गोपनीय राहते. तो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

मल्लिनाथ अण्णा (ए-101): लग्नाचे मी मागे घेतो. शपथेबद्दल माझे मत अजून तेच आहे, पण बँकेत आयुष्य गेले असल्याने देण्यांची यादी आणि व्याजाचा हिशेब मी करून देईन. अक्का, कागद घेऊन मुलालाच माझ्याकडे पाठवा. रक्कम ग्रुपवर लिहू नका.