मदत हवी आहे: हनोईत इंग्लिश शिकवते, तेतच्या सुट्टीचं काय करू? पासपोर्ट, व्हेज जेवण आणि एक आमंत्रण

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी सांगलीची, गेल्या ऑगस्टपासून व्हिएतनाममध्ये हनोईला एका इंग्लिश सेंटरमध्ये शिकवते. पोरं सहा ते अकरा वयाची, क्लास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. काम आवडतंय, पोरं गोड आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तर विषय असा आहे की तेत, म्हणजे इथलं नवीन वर्ष, यंदा १७ फेब्रुवारीला (२०२६) आहे. सरकारी सुट्टी १४ ते २२ फेब्रुवारी, पण आमचं सेंटर त्याच्या आधीच बंद होतं आणि नंतरही लगेच सुरू होत नाही कारण पालक पोरांना घेऊन गावी गेलेले असतात. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे मोकळे. एवढी सलग सुट्टी वर्षात परत मिळणार नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुद्धा माझे दोन क्लास होते, रात्री रूमवर येऊन एक पणती लावली आणि घरी व्हिडिओ कॉल केला, झाली दिवाळी. त्यामुळे ही सुट्टी वाया जाऊ नये असं फार मनापासून वाटतंय.

आता माझ्यासमोर काय काय आहे ते सांगते. घरी यायचं तर तिकीट आत्ताच परवडत नाहीये, शिवाय खालचा पासपोर्टचा घोळ वाचा. दुसरं म्हणजे आई-बाबा म्हणतायत आम्हीच येतो, दोघांनी कधी भारताबाहेर पाऊल टाकलेलं नाही, बाबा नुकतेच रिटायर झालेत आणि त्यांना दा नांग शहराजवळचं "मी सन" हे जुन्या देवळांचं ठिकाण बघायचंय, पेपरमध्ये तिथे सापडलेल्या शिवलिंगाची बातमी आली होती ती त्यांनी कापून ठेवलीय. यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आहे त्यामुळे त्यांच्या डोक्यात ते अगदी पक्कं बसलंय. आणि तिसरं म्हणजे माझ्या वर्गात जी असिस्टंट आहे, वीस-बावीसची पोरगी, तिने तेतला गावी चल म्हणून बोलावलंय. गाव नाम दिन्हकडे, हनोईपासून ९० किलोमीटरच्या आसपास. मी म्हटलं अगं मी मांस-मासे खात नाही, तुमच्या घरी सणाला माझी अडचण कशाला, तर तिने दुसऱ्याच दिवशी आजीशी बोलून मला सांगितलं की आजी बान चुंग (चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि पोर्क घालून पानात बांधतात आणि रात्रभर उकडतात तो पदार्थ) माझ्यासाठी पोर्क न घालता वेगळे बांधणार आहे, आणि पातेल्यात ओळखू यावेत म्हणून त्यांना लाल दोरा बांधणार आहे. मला काय बोलावं ते सुचेना.

आणि रूमवरच राहायचं तर घरमालकीण आत्तापासून सांगतेय की पाण्याचे कॅन, तांदूळ, भाजी भरून ठेव, सगळं बंद असतं.

प्रश्न असे:

पासपोर्ट सध्या सेंटरच्या ऑफिसकडे आहे, टीआरसी म्हणजे रेसिडेन्स कार्डासाठी घेतलाय. परत कधी मिळेल विचारलं की "लवकरच" एवढंच उत्तर मिळतं. पासपोर्टशिवाय देशातल्या देशात तरी फिरता येतं का? सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत असं ऑफिसमधून सांगितलंय, हे बरोबर आहे का? आई-बाबांना तेतमध्ये बोलवावं का? आणि त्या मुलीच्या घरी खरंच जावं का, की सणाच्या दिवसात परक्या माणसाने जाऊन बसणं त्यांना जड होईल? एकटीने जातेय म्हणून आईला थोडी काळजी आहे. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी हनोईतच असतो, फॅक्टरीच्या कामानिमित्त सहकुटुंब. आधी पासपोर्टचं बघ, बाकी सगळं नंतर. टीआरसीसाठी पासपोर्ट इमिग्रेशनकडे जमा केला की तिथून पावती मिळते आणि त्यावर परत मिळायची तारीख छापलेली असते. ऑफिसला "कधी मिळेल" असं विचारू नकोस, "पावतीचा फोटो पाठवा" असं लिहून माग, तोंडी नाही, मेसेजवर. पावती असेल तर तारीख कळेल. पावतीच नसेल तर पासपोर्ट त्यांच्या कपाटात पडून आहे असं समज आणि सरळ परत माग. इथल्या २०१९ च्या कामगार कायद्यात कलम १७ आहे, मालकाला कामगाराची मूळ ओळखपत्रं किंवा सर्टिफिकेटं स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. सरकारी ऑफिसं १३ फेब्रुवारीच्या शुक्रवारी बंद होतील ती २३ च्या सोमवारी उघडतील, म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच्या आधी.

पासपोर्टशिवाय विमानात बसता येणार नाही, देशांतर्गत असलं तरी परदेशी माणसाला मूळ पासपोर्ट किंवा टीआरसी दाखवावं लागतं, आणि तुझ्याकडे सध्या दोन्ही नाहीत. हॉटेलवालेही मागतात, कारण त्यांना राहणाऱ्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. कुणाच्या घरी राहिलीस तरी ती नोंद घरमालकाने करायची असते, तर त्या मुलीला तेवढं आधी सांगून ठेव.

पगाराचं म्हणशील तर त्याच कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे तेतचे पाच दिवस भरपगारी सुट्टी आहे आणि ती परदेशी कामगारालाही लागू आहे. तुझा कागद लेबर कॉन्ट्रॅक्ट आहे की नुसता सर्व्हिसचा करार आहे ते बघ, बरीच सेंटरं दुसरा करून घेतात आणि सगळं तिथेच अडतं. तेतचा बोनस मात्र मालकाच्या मर्जीवर, तो हक्काने मागता येत नाही. अजून एक, जे फारसं कुणाला माहीत नसतं: परदेशी कामगाराला त्याच्या स्वतःच्या देशाच्या पारंपरिक नववर्षाचा एक दिवस आणि राष्ट्रीय दिनाचा एक दिवस अशी जास्तीची भरपगारी सुट्टी त्याच कलमात दिलीय. पाडवा १९ मार्चला आहे. माग. आम्ही फॅक्टरीत मागून घेतो.

प्रतिसाद २

मी साइगॉनला शिकवते, इथे येऊन बरीच वर्षं झाली. आई-बाबांना तेतमध्ये अजिबात बोलवू नकोस गं. पहिल्यांदा परदेशात येणार, व्हेज, आणि शहर बंद. तेतच्या आदल्या दुपारपासून मार्केट उठतं, नेहमीची खानावळ तीन-चार दिवस बंद, ज्या उघड्या असतात त्या जास्त पैसे लावतात, एटीएममधले पैसे संपतात, गाड्या मिळत नाहीत. त्यात हनोईला फेब्रुवारीत ती बारीक झिरझिर आणि गारठा, कपडे वाळत नाहीत, भिंतींना पाणी सुटतं, वयस्कर माणसांना नको वाटतं. त्यांचा ई-व्हिसा काढायचा असेल तरी तेतच्या सुट्टीत तो कुणी बघत नाही, कामाचे दिवसच मोजले जातात.

मार्चमध्ये बोलव. दा नांग-होई आनला मार्चमध्ये हवा फार छान असते, कोरडी, उकाडाही सुरू झालेला नसतो. ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा, फक्त सरकारी साइटवरूनच भरा, दिसायला तशाच असणाऱ्या एजंटांच्या साइटी दुप्पट-तिप्पट घेतात, आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच्या तस्सं टाका, वडिलांचं नाव-आडनाव पुढेमागे झालं की विमानतळावर अडतं.

मी सन बाबांना नक्की दाखव. होई आनपासून ४० किलोमीटर, डोंगरांच्या मधोमध विटांची देवळं, इथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत आणलेली, भद्रेश्वर नावाने शंकराची पूजा व्हायची. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बिंगमध्ये बरीच पडली, ते खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे काही वर्षं दुरुस्तीला होती आणि त्या कामातच २०२० च्या मे महिन्यात ते अखंड दगडाचं शिवलिंग निघालं, नवव्या शतकातलं. बाबांचं कात्रण त्याचंच असणार. सकाळी लवकर जा, दहानंतर बसगाड्या येतात. आणि दा नांगचं चाम म्युझियम चुकवू नका, बऱ्याच मूर्ती तिथे आहेत, त्या बघून मग मी सनला गेलं तर जास्त समजतं.

तुला स्वतःला तेतमध्येच फिरायचं असेल तर एक लक्षात ठेव. तेतच्या आधी सगळी गर्दी साइगॉनकडून उत्तरेला, म्हणजे गावाकडे, आणि तेतनंतर उलटी. हनोईहून तेतच्या आधी दक्षिणेला ये आणि नंतर परत जा, तुझ्या दोन्ही गाड्या गर्दीच्या उलट दिशेने, तिकीट मिळतं आणि स्वस्तही पडतं. उलटं केलंस तर उभ्याने.

प्रतिसाद ३

गावी जा! मी दोन वर्षं हायफाँगला शिकवत होतो, आता नाशिकला परत आलोय, आणि तिथलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर सहकाऱ्याच्या घरचा तेत. ती लोकं तोंडदेखलं बोलवत नाहीत. आजीने दोऱ्यापर्यंत विचार केलाय म्हणजे तुझी जागा त्यांनी धरलेली आहे, आता नाही म्हटलंस तर तेच त्यांना लागेल.

थोड्या गोष्टी सांभाळ. तेतच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत पोच. मध्यरात्रीनंतर घरात बाहेरून जो पहिला माणूस पाऊल टाकतो त्याच्यावर घराचं वर्षाचं नशीब ठरतं असं मानतात, तो माणूस ते आधीच ठरवून ठेवतात, त्यामुळे बारानंतर फटाके बघायला बाहेर पडलीस तर परत येताना घरच्यांना पुढे जाऊ दे. पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, तू मदत म्हणून झाडू हातात घेशील, घेऊ नकोस. अंगात पांढरं किंवा काळं नको, लाल-पिवळं काहीही चालेल, पंजाबी ड्रेस घाल की, सगळी आळी बघायला येईल. पोरांना आणि आजीला लाल पाकिटातून पैसे द्यायचे, नोटा कोऱ्या लागतात, त्या जानेवारीतच जमवायला लाग. पोरांना वीस किंवा पन्नास हजार डाँग पुष्कळ झाले, पन्नास हजार म्हणजे आपले पावणेदोनशेच्या आसपास.

जेवणाचं: "तोय अन चाय" म्हटलं की मी शाकाहारी आहे हे कळतं, पण फिश सॉस म्हणजे नुओक माम हा त्यांना मिठासारखा वाटतो, त्याचं वेगळं सांगायला लागतं. भाज्यांना सोयासॉस वापरा असं असिस्टंटलाच सांगून ठेव. बऱ्याच बौद्ध घरांत वर्षाच्या पहिल्या दिवशी स्वतःच चाय, म्हणजे शाकाहारी, जेवतात, तेव्हा तू अगदी विचित्र काही मागतेयस असं वाटून घेऊ नकोस. जाताना फळांची टोपली किंवा चहाचा चांगला डबा ने, आणि इंडियन दुकानात सोनपापडी मिळाली तर ती.

आणि जमलं तर तिसऱ्या दिवसापर्यंत राहा किंवा त्या दिवशी हनोईत परत ये. तिकडे पहिला दिवस वडिलांकडचा, दुसरा आईकडचा आणि तिसरा शिक्षकांचा. जुने विद्यार्थी सरांकडे, बाईंकडे नमस्काराला येतात. माझ्या वर्गातली एक चिमुरडी आईबरोबर मोसंब्याची पिशवी घेऊन माझ्या रूमवर आली होती, मला काहीच कल्पना नव्हती, घरात द्यायला बिस्किटं सुद्धा नव्हती. तू आणून ठेव.

प्रतिसाद ४

आईच्या काळजीबद्दल: त्या मुलीच्या घरचा पत्ता, तिच्या आईचा फोन नंबर आणि बसचं तिकीट घरी पाठवून ठेव, आणि निघायच्या आधी एकदा दोन्ही आयांचा व्हिडिओ कॉल लावून दे. भाषा कळली नाही तरी चेहरे बघून आया ओळखतात. माझी मुलगी कोरियात शिकवायची तेव्हा आम्ही हेच केलं होतं. शिवाय हनोईतल्या आपल्या वकिलातीचा नंबर जवळ असू दे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. पावतीचा फोटो मेसेजवर मागितला, दोन दिवस काही नाही, मग कलम १७ चा उल्लेख करून परत लिहिलं तर त्याच संध्याकाळी फोटो आला. तारीख ११ फेब्रुवारी आहे, म्हणजे सुट्टीच्या आधी हातात येईल. करार लेबर कॉन्ट्रॅक्टच निघाला, पाच दिवसांच्या पगाराचं लिहून पाठवलंय, उत्तराची वाट बघतेय, सोडणार नाहीये.

आई-बाबा मार्चमध्ये येणार, पाडव्याची सुट्टी मागितलीय, गुढी होई आनला उभारू म्हणतायत बाबा, आईने तांब्या कुठल्या बॅगेत घालायचा ते पण ठरवून टाकलं. मी सनला महाशिवरात्र नाही तर नाही, पण तिघं मिळून जाऊ. आणि तेतला मी नाम दिन्हला जातेय. व्हिडिओ कॉल झाला, तिच्या आईने माझ्या आईला कोंबड्या दाखवल्या आणि आईने तिला अंगणातली तुळस.

आता एकच राहिलं. महाशिवरात्रीचा उपास मी लहानपणापासून करते, त्या दिवशी हनोईतच असेन, सोमवारी निघणार. इथे साबुदाणा कुठे मिळतो का?

प्रतिसाद २

कुठल्याही सुक्या सामानाच्या दुकानात "बोत बांग" माग, टॅपिओकाचे पांढरे मणी, खीर करायला वापरतात इथे. आपल्यापेक्षा बारीक असतात, रात्रभर भिजवू नकोस, लगदा होतो, थोडंसं पाणी शिंपडून तासाभराने बघ. पाकिटावर रंगीत असेल तर ते घेऊ नको. नाही जमलं तर रताळी आहेतच, तिकडे थंडीत रस्त्यावर भाजून विकतात. शेंगदाणे भरपूर मिळतात, कूट घरीच कर.