होंडा सिटी : ठेवण्यासारखी कोणती, २००० ची व्हीटेक की त्यानंतरची?

घाटमाथा
मंडळी, आमच्या दारात एमएच १५ (नाशिक) पासिंगची २००१ ची सिटी १.५ व्हीटेक उभी आहे. वडिलांनी नवी घेतलेली. २०१६ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पुनर्नोंदणी केली, २०२१ ला परत केली, आता तिसरी वेळ. वीस वर्षांवरच्या गाडीला त्याचं शुल्क १० हजार झालंय, पर्यावरण कर वेगळा. घरचे म्हणतात, भंगारात दे आणि नवी सिटी घे, तीही सिटीच. माझा वाद इथेच आहे. नाव तेवढं तेच राहिलंय, गाडी ती राहिलेली नाही.

जपानात १९८१ ला पहिली सिटी आली ती आखूड, उंच, तीन दारांची. पुढच्याच वर्षी तिला टर्बो लावला, १.२ लिटरमधून १०० पीएस (अश्वशक्ती) काढले. १९८३ च्या टर्बो २ मध्ये ११०. डिकीत मावावी म्हणून मोटोकॉम्पो नावाची घडीची ५० सीसी स्कूटरही तिच्यासोबत काढली होती. पुढे १९९६ ला आशियातल्या बाजारांसाठी सिटी सेडान झाली आणि जानेवारी १९९८ मध्ये ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून आपल्याकडे आली. २००० मध्ये तिला व्हीटेक मिळालं. १०६ बीएचपी (जवळपास पीएसएवढंच माप), आणि वजन टनाच्या आसपास.

ज्यांनी फक्त स्टिकर पाहिलंय त्यांच्यासाठी : व्हीटेक म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडायची होंडाची पद्धत. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कॅमशाफ्टवर, दोन तऱ्हेचे लोब (उंचवटे) असतात. सावकाश चालवताना एक काम करतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढले की ऑइलचा दाब एक पिन सरकवतो, लोब आणि व्हॉल्व्हच्या मधले रॉकर आर्म एकमेकांना जखडले जातात आणि दुसरा, मोठा लोब व्हॉल्व्ह जास्त खोल आणि जास्त वेळ उघडतो. इकुओ काजितानी या इंजिनिअरच्या चमूचं हे काम. १९८९ ला होंडाच्याच इंटेग्रा गाडीत आलं तेव्हा १.६ लिटरमधून टर्बोशिवाय १६० पीएस मिळाले होते.

कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये काटा पाच हजारांकडे गेला की आमच्या गाडीचा आवाज बदलतो. तोवर बारीक, घशातला. मग एकदम छातीतून निघाल्यासारखा. वडील कितीही रंगात येऊन बोलत असले तरी तिथे गप्प व्हायचे, ती दोन वळणं संपली की वाक्य पुढे सुरू करायचे. २००३ ला कंपनीने ही गाडी थांबवली आणि तिच्या जागी ७७ बीएचपीची आणली. माझ्या लेखी स्पोर्टी सिटीची गोष्ट तिथे संपते.

सिडकोकर
२००३ ची सिटी तुम्ही एका ओळीत निकालात काढलीत, हे पटलं नाही. ७७ बीएचपी खरे, पण त्या आय-डीएसआय इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते, चार सिलिंडरला आठ. कमी पेट्रोलमध्ये पूर्ण जाळायचं, हाच हेतू. टाकी पुढच्या सीटखाली नेली म्हणून मागे एवढी जागा निघाली. कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट गेला, चेन आली. माझ्या आईचे गुडघे दुखतात. तुमच्या पिढीच्या सिटीत तिला अक्षरशः खाली उतरून बसावं लागायचं आणि उठताना हात द्यावा लागायचा. २००३ च्या गाडीत ती खुर्चीत बसावी तशी बसायची. नंतर त्याच गाडीत १०० बीएचपीचं व्हीटेकही आलं, ते तुम्ही गाळलंत.

गाडी चालवणारा एक असतो, बसणारे चार. तुम्ही एकाचाच इतिहास लिहिलाय.

वाडीवऱ्हे ते सातपूर
माझ्याकडे २००९ ची आहे, म्हणजे २००८ ला आलेली पिढी. १.५ आय-व्हीटेक, ११८ पीएस. आकड्यात तुमच्यापेक्षा सरस, आणि ही नुसती चढावर पळणारी नाही, थांबणारी पण आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. वाडीवऱ्ह्याजवळ संध्याकाळी सरी चालू होत्या, पुढचा टेम्पो एकदम लेन सोडून आत आला. मी पूर्ण ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, एबीएसचं काम चालू झालं, आणि गाडी वळवता आली. टेम्पोच्या मागच्या फळीवर लिहिलेलं वाचता येईल एवढ्या अंतरावरून बाजूने निघालो. चाकं जॅम झाली असती तर स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नव्हता. तुमच्या व्हीटेकमध्ये एबीएस नाही, एअरबॅग नाहीत.

आणि घाटाचं म्हणाल तर जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झालाय. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गेलं की कसारा घाट बाजूलाच राहतो. ज्या वळणांसाठी तुम्ही गाडी ठेवताय तिथून आता किती जण जाणार?

घाटमाथा
@वाडीवऱ्हे ते सातपूर, ब्रेकच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के मान्य. तिथे वाद घालणार नाही.

पण मी आकडा मोजत नाहीये. २००८ चं इंजिन दमदार आहे, मी चालवलंय. फरक बसल्यावर कळतो. जुन्या सिटीत डॅशबोर्ड खाली आहे, काच मोठी आहे, बॉनेटची कड दिसते. गाडी कुठे संपते हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. नंतरच्या गाड्यांत खांब जाड झाले, काच तिरकी झाली. सुरक्षिततेसाठी झालं, समजतं मला. तरी काहीतरी गेलं ते गेलंच. आणि घाटावरून मी जाणार. बोगदा झाला म्हणून रस्ता बंद झालेला नाही.

@सिडकोकर, आईंचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. १०० बीएचपीची गाडी गाळली हीसुद्धा चूकच. पण ती उंच गाडी वळणावर कलते, त्यावर मी ठाम आहे.

पाचवी पिढी
माझा दोघांनाही विरोध. स्पोर्टीपणा कुठे हरवला असेल तर २०१४ ला, डिझेल आलं तेव्हा. कारण सरळ होतं : व्हेंटो आणि व्हर्ना डिझेलमध्ये मिळत होत्या, सिटी नुसत्या पेट्रोलवर मागे पडत होती. १०० पीएसचं डिझेल, कागदावर लिटरला २६ किलोमीटर, लोक तुटून पडले. २०२० ची माझी सिटी पेट्रोल आहे, दोन कॅमशाफ्टचं इंजिन, १२१ पीएस, सहा गिअर हाताने टाकायचे. सात हजारांकडे नेऊन बघा, मग बोला. २०२२ ची हायब्रिड मात्र मला नको, तिच्यात हाताचा गिअरच नाही.

द्वारका गॅरेज
माझं घरचंच गॅरेज आहे, व्हीटेकच्या गाड्या लहानपणापासून हाताखालून गेल्यात. वाद तुमचा चालू द्या, ठेवायची असेल तर काय बघायचं ते सांगतो.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर आजच बदला, वॉटर पंप त्याच वेळी. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल शिरली की पावसाळ्यात गाडी सुरूच होत नाही. पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर सगळे काढा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २००१ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही, ते फुगतं आणि चिरतं. पाइपजवळ बोट फिरवा, ओलसर लागलं किंवा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

"व्हीटेक लागतच नाही" म्हणून लोक इंजिन खोलायला निघतात. आधी ऑइलची पातळी बघावी. मग व्हीटेककडे ऑइल सोडणाऱ्या सोलेनॉइडच्या मागची बारीक जाळी. जुनं ऑइल साचून ती बुजते, दाब पोहोचत नाही, पिन सरकत नाही. माणसाला वाटतं इंजिन म्हातारं झालं.

माझं मत : गाडी ठेवा, पण रोजच्याला नको.

सिडकोकर
@घाटमाथा, मला गाडीपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. घरात लहान मूल आहे का? असेल तर त्याला त्या गाडीत मागे बसवून तुम्ही हायवेला लागणार का? चौथ्या पिढीच्या, म्हणजे २०१४ ला आलेल्या सिटीला ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेने चार तारे दिलेत. तुमच्या गाडीची तशी परीक्षा झालेलीच नाही. वडिलांची आठवण मोठी, मी नाकारत नाही. मूल त्याहून मोठं.

घाटमाथा
आहे, सहा वर्षांची मुलगी. कालपासून याचाच विचार करतोय. तिला घेऊन हायवेवर ही गाडी न्यायची नाही, हे आज घरात बोलून टाकलं. त्यासाठी दुसरी गाडी बघतोय, आणि हो, २००९ ते २०१३ मधली चांगली सिटी मिळाली तर तीच. @वाडीवऱ्हे ते सातपूर, घेताना काय तपासायचं ते वेगळं विचारेन.

व्हीटेक मात्र भंगारात जाणार नाही. पेठ रोडला आरटीओत तपासणीला न्यायचं ठरलंय.

@द्वारका गॅरेज, तुमचं जाळीचं वाचून थबकलो. वर्षभर आमच्या गाडीचा तो आवाज उशिरा येतो, कधी येतच नाही. वय झालं म्हणून मी सोडून दिलं होतं. सोमवारी आणू का? इंजिन गरम लागेल की थंड?

द्वारका गॅरेज
थंड. रविवारी रात्रीच लावून जा, सकाळी उघडतो. ऑइल मात्र येताना बदलून आणू नका, जुनं कसं आहे ते मला बघायचंय.