चार ट्रॉफ्या असल्या तरी तेराच मोजा
वरती कुणीतरी लिहिलंय की अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये (NFL) स्टीलर्स आणि पेट्रियट्सकडे प्रत्येकी सहा सुपर बोल (लीगची आताची फायनल), ग्रीन बे पॅकर्सकडे फक्त चार, मग ग्रीन बेचं एवढं कौतुक कशाला. अहो पण सुपर बोल सुरू झाला 1966 च्या सीझनपासून, त्याआधी काय लीग झोपली होती का? एकूण टायटल्स मोजली तर पॅकर्सची 13 होतात आणि तेवढी आजवर कुणाचीच नाहीत. आता 1929 ते 31 ची तीन प्लेऑफ न खेळता नुसत्या लीगमधल्या क्रमवारीवर मिळाली हे मान्य, पण 65, 66, 67 असं सलग तीनदा जिंकणं काही खायचं काम नाही.

त्यातला 67 चा आइस बोल (काउबॉइजविरुद्धची NFL फायनल) तर बघाच कुठे हायलाइट्स मिळाल्या तर, उणे 25 सेल्सिअस, मैदानाखालचं हीटिंग बंद पडलेलं, रेफरीची शिट्टी ओठाला चिकटलेली, 16 सेकंद उरलेत, टाइमआउट संपलेत, तीन पॉइंट मागे, आणि फील्ड गोल (तीन पॉइंटची किक) मारून बरोबरी करायची सोडून पॅकर्सचा क्वार्टरबॅक (पास टाकून चाली चालवणारा खेळाडू) बार्ट स्टार स्वतःच बॉल घेऊन गोलरेषेपार घुसला! काउबॉइज 17, पॅकर्स 21. पॅकर्सचा तेव्हाचा कोच लोम्बार्डी प्लेऑफमध्ये हरला तो एकदाच, 1960 ला ईगल्सकडून.

अलीकडच्या क्वार्टरबॅक आरोन रॉजर्सच्या काळात मात्र पॅकर्सना एकच ट्रॉफी, ती पण सहाव्या सीडवरून (प्लेऑफमधलं तेव्हाचं शेवटचं मानांकन) तीन मॅचेस दुसऱ्यांच्या मैदानावर जिंकून. एवढा भारी क्वार्टरबॅक असून एकच, हे मला अजून पटत नाही.